उघड्या तोंडाची कुत्री

माझ्या लग्नाला अजून वर्ष झाले नव्हते. सासर धरणगावचे, घर कपाशी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे. घरात सासरे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणे, माझे यजमान आणि यजमानांची मोठी बहीण. त्यांना आम्ही अक्का म्हणत असू. अक्का सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. वीस वर्षांत त्यांचा आवाज कोणी चढलेला ऐकला नव्हता. आपल्या ताटातली अर्धी भाकरी त्या परसात एका तांबूस कुत्रीला घालत. तेवढी एक गोष्ट त्यांची स्वतःची होती.

चैत्रातल्या एका सकाळी ही कुत्री परसात आली ती तोंड वासूनच. जबडा मिटेना, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या आणि घशातून घरघर चालली होती. शेजारणीने कुंपणावरून पाहिले आणि ती ओरडली, "पिसाळली! कुत्री पिसाळली!"

बघता बघता गल्लीतली दारे लागली. माणसे काठ्या घेऊन धावली. त्यांना दोष कसा द्यावा? मागच्याच वर्षी गल्लीतला एक धडधाकट गडी कुत्रे चावून गेला होता. पाण्याचा तांब्या पुढे केला की तो कसा किंचाळे, ते साऱ्यांनी ऐकले होते. आबाही काठी घेऊन परसात आले. कुत्री गोठ्यात शिरली होती. आणि गोठ्याच्या दारात अक्का उभ्या होत्या.

"बाजूला हो," आबा म्हणाले.

"नई."

आबांना वाटले, आपण चुकीचे ऐकले.

"ती पिसाळेल नई शे, आबा," अक्का म्हणाल्या. आवाज कापत होता, पण चांगला मोठा होता. "मी हाक मारी, तव्हय तिनी शेपटी हालाई. मले वळखस ती. तिले मारू नका."

आबा काही बोलणार, तोच मागच्या गल्लीतले पिंजारीचाचा गर्दीतून पुढे आले. कापूस पिंजणारा हा म्हातारा आयुष्यभर कुत्री बाळगून होता. त्यांनी दुरूनच गोठ्यात वाकून पाहिले. कुत्री दोन्ही पंजांनी तोंड ओरबाडत होती.

"आबा, जरा थांबा," चाचा म्हणाले. "काल दिवेलागणीला ही माझ्या दारात हाडं चघळत होती, अगदी धड. पंजानं तोंड कोरतेय पाहा. टाळूत काहीतरी अडकलंय. आणि हाड असलं, तर ते माझ्याच घरचं असणार."

"आणि नसलं तर?" आबांनी विचारले.

चाचा बाह्या वर सारू लागले. "तर सुया मी घेईन."

त्या काळी पोटात घ्यायच्या त्या सुयांसाठी रेल्वेने फार लांब जावे लागे. सगळ्यांनाच सुया लागू पडत असेही नव्हते. आज मागे वळून पाहताना वाटते, चाचांनी फार मोठा धोका पत्करला. पिसाळलेल्या कुत्र्याचाही जबडा असाच लोंबतो, हे मला पुढे कळले.

आबांनी काठी भिंतीला टेकवली. कुत्रीच्या गळ्यात दोर टाकून तो खांबाला आवळला आणि त्याचे टोक स्वतःच्या हाती धरले. चाचांनी दोन्ही हातांना कोपरापर्यंत गोणपाट गुंडाळले. मी आतून लाटणे आणि निखाऱ्याचा चिमटा आणून दिला. दोन्ही दाढांमध्ये लाटणे आडवे बसवून चाचांनी चिमटा आत घातला. कुत्री कण्हली. अक्का पलीकडून तिच्याशी बोलत राहिल्या. बोटभर लांबीचे बरगडीचे हाड बाहेर आले. टाळूवर दाढेपासून दाढेपर्यंत ते आडवे रुतून बसले होते.

जबडा मिटला. कुत्रीने मान खाली घातली आणि घमेल्यातले सगळे पाणी पिऊन टाकले. आबांनी दोर सोडला, पण बराच वेळ ते तिथून हलले नाहीत. अक्कांनी चार दिवस तिला ताक-कण्यांवर ठेवले.

तेव्हापासून लोक अक्कांकडे कुत्री आणू लागले. एखादे कान झटकत असले की त्या आधी कान उलटून बघत. बहुधा गोचिडी निघत. खरूज झालेल्याला करंजाचे तेल लावत. "रोज एकदा अंगावरून हात फिरवा," एवढेच त्या सांगत, "दुखतं ते हाताला कळतं."

पुढे एका पावसाळ्यात यावलकडचा एक शेतकरी बैलगाडीत कुत्रा बांधून घेऊन आला. जबडा तसाच लोंबता. आम्हाला वाटले, हाडच असणार. अक्का मात्र दहा पावलांवर थांबल्या. मालकाने हाक मारली, तरी कुत्र्याने त्याच्याकडे पाहिले नाही. मागचे पाय लटपटत होते आणि तो गाडीच्या दांडीलाच चावे घेत होता.

"याले कोणी हात लावू नका," अक्का म्हणाल्या. मग मालकाकडे वळल्या. "भाऊ, तुमले चावना का?"

त्याने करंगळी दाखवली. नुसता ओरखडा होता. अक्कांनी त्याला साबणाने हात धुवायला बसवले आणि कितीतरी वेळ उठू दिले नाही. त्याच दिवशी आबा त्याला सुयांसाठी घेऊन आगगाडीत बसले. बैलगाडीत बांधलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी गेला.

दोन महिन्यांनी तो माणूस केळ्यांची पाटी घेऊन आला आणि ती त्याने अक्कांपुढे ठेवली. अक्कांनी पाटीकडे पाहिलेही नाही. आधी त्याचा हात उजेडात धरून करंगळी न्याहाळली. मग हळूच विचारले, "कुत्रा चांगला होता ना?"

"फार चांगला होता, अक्का," तो म्हणाला, आणि तिथेच ओट्यावर बसून रडू लागला.