काठावरची दानम्मा

दानम्माला आमच्या गल्लीत कुणी भांडखोर म्हटलं नसतं. नळावर नंबर मागे गेला तरी ती बोलायची नाही. भाजीवालीनं किडकी वांगी घातली तर घरी येऊन किडका भाग कापून टाकायची आणि गप्प राहायची. तिचं तोंड उघडायचं ते एकाच गोष्टीवर, आणि ती गोष्ट म्हणजे हैदराबादच्या अलीकडचा वॉटर पार्क.

उदगीरच्या बायका त्याला पाण्याची बाग म्हणत. भिशीच्या बायका दर मे महिन्यात ट्रॅव्हल्सची गाडी करून तिकडे जात. घसरगुंड्या, मशीननं उठणाऱ्या लाटांचा समुद्र, ट्यूबमध्ये बसून गोल फिरायची नदी. कुणी म्हटलं, "शंभर लोकांनी अंघोळ केलेलं पाणी ते, काय ठेवलंय तिथं?" की दानम्मा हातातलं सूप खाली ठेवायची.

"तुम्ही गेलतात का कधी?"

"न्हाई."

"मग न जाता कामून बोलून राहिले?"

एवढं म्हणून ती परत सूप उचलायची. गंमत अशी, की इतक्या वर्षांत दानम्माचा स्वतःचा पाय त्या पाण्याला एकदाही लागला नव्हता.

ती निलंग्याची. माणिकप्पाच्या किराणा दुकानात आणि त्यामागच्या तीन खोल्यांत लग्न होऊन आली, तेव्हा घरात सासू नव्हती. सासूची जागा नणंदेनं घेतलेली होती. गंगम्मा माणिकप्पाहून मोठी. लहानपणी ताप आला आणि उजवा पाय वाळून गेला. लग्न झालं नाही. काठी टेकत टेकत तिनं धाकट्या भावाला वाढवलं, दुकानाची उधारी वसूल केली आणि घर हातात ठेवलं. दानम्माची भाकरी तिला कधी पातळ लागायची, कधी जाड.

"निलंग्यात भाकरी हातानं थापतेत का पायानं?" ती विचारायची.

दानम्मा तिला अक्का म्हणायची आणि पुढची भाकरी थापायला घ्यायची. रात्री नवऱ्याला काही सांगायला जावं तर माणिकप्पा म्हणायचा, "तिनं मला खांद्यावर घेऊन वाढवलंय, लंगड्या पायानं. तिचं ऐकून घे." मग दानम्मानं सांगणंही सोडलं.

भिशीच्या पहिल्या सहलीला दानम्माचं नाव शेजारच्या विठाबाईनं परस्पर घातलं. गंगम्मा म्हणाली, "एकटी जाऊन काय दिवे लावती ते बघायला मीबी येते." अशी ती गाडीत बसली.

पार्कमध्ये गेल्यावर बाकीच्या बायका भाड्याचे नायलॉनचे कपडे घालून ओरडत पाण्यात शिरल्या. या दोघी खोट्या समुद्राच्या काठावर बाकावर बसल्या. गंगम्मानं बराच वेळ सगळ्यांना नावं ठेवली. मग उन्हानं तलखी व्हायला लागली तशी पुढं सरकून तिनं वाळका पाय पाण्यात सोडला. थोडा वेळ पायाकडे बघत राहिली. मग दुसरा सोडला. मग कठड्याला धरून गुडघाभर पाण्यात उतरली.

तिथली बाई शिट्टी वाजवत आली. गळ्यातलं काढून ठेवा, दोरे, माळा काही चालत नाही, लाटेत अडकतं, म्हणाली. गंगम्माच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग होतं. लिंगायतांच्या रीतीनं जन्मल्यावर स्वामींनी बांधलेलं. रोज सकाळी तळहातावर घेऊन पूजा करायची आणि परत गळ्यात घालायचं. मेल्यावर ते माणसाबरोबर मातीत जातं. तोवर ते अंगावेगळं होत नाही आणि दुसऱ्याच्या हातात तर जातच नाही. दानम्माच्याही गळ्यात तसंच होतं, म्हणून तिनं पाण्यात उतरायचा विचारच केला नव्हता.

गंगम्मानं एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा दानम्माकडे. डोक्यावरून दोरा काढला.

"धर," ती म्हणाली.

दानम्मानं पदराचं टोक तळहातावर घेऊन त्यात डबी धरली आणि मूठ छातीशी नेली. दुसऱ्या हातात काठी. गंगम्मा पुढं गेली. कमरेइतकं पाणी, मग छातीइतकं. तिथं पोचल्यावर तिनं कठडा सोडला आणि ती चालायला लागली. लंगडत नाही, सरळ. पाण्यात त्या पायाला वजनच नव्हतं. पलीकडच्या भिंतीला हात लावून ती वळली आणि तोंड उघडून हसली. नणंदेला वरचे दोन दात नाहीत हे दानम्माला त्या दिवशी कळलं.

परतीच्या गाडीत गंगम्मानं आपल्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू मोडून अर्धा दानम्माला दिला. झहिराबादच्या पुढं तिचं डोकं दानम्माच्या खांद्यावर आलं. झोपायच्या आधी ती पुटपुटली, "कुणाला सांगू नको. माणिकला तर अजिबात न्हाई. लिंग काढलं म्हणल्यावर तो जेवायचा न्हाई."

त्यानंतरचे एक-दोन महिने घरात भाकरी पातळही नव्हती आणि जाडही नव्हती. पावसाळा लागला की गंगम्माची जीभ पुन्हा पहिल्यासारखी चालायची, पण आता दानम्माला ती सोसायची. मे महिना पुन्हा येणार होता. दरवर्षी तो आला. दरवर्षी ती काठावर बसली, एका मुठीत डबी, एका हातात काठी. पाण्याच्या बागेला कुणी नाव ठेवलं तर दानम्मा सूप खाली ठेवायची ते यासाठी.

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं. आमच्याकडे टँकर आठ-आठ दिवसांनी. अंघोळीचं पाणी परातीत धरून त्यानंच फरशी पुसायची, असं घरोघर चाललं होतं. गंगम्मा लिंगपूजेला तांब्यातलं फुलपात्रभर पाणी घ्यायची आणि तेही पूजेनंतर बेलाच्या झाडाला घालायची. तरी भिशीच्या बायकांनी गाडी ठरवलीच होती. विठाबाईचं म्हणणं, "वर्षभर बादल्या उचलून खांदे गेले. एक दिवस तरी पोटभर भिजू द्या."

त्याच वेळी गावात उदगीर जिल्हा व्हावा म्हणून समिती चालू होती. चौकात मंडप, भिंतीभिंतींवर "उदगीर जिल्हा झालाच पाहिजे." समितीचा भुजंग आमच्याच गल्लीतला. भाषण चांगलं करायचा. त्यानं गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन फोटो एकमेकांशेजारी टाकले. एकात पाण्याची रेल्वे. दुसऱ्यात गेल्या वर्षीच्या आमच्या बायका, ट्यूबमध्ये आडव्या पडलेल्या. खाली लिहिलं, "एकीकडे तहानलेला मराठवाडा, दुसरीकडे उद्याच्या जिल्ह्याच्या या महाराण्या. लाज वाटायला पाहिजे."

बायका गप्प बसणाऱ्या नव्हत्या. लिहायचा कंटाळा, म्हणून सगळ्यांनी बोलूनच पाठवलं.

"भुजंगा, तुझ्या लग्नात टँकर मागवून धुरळा बसवला होता, ते विसरलास व्हय रे?"

"ते पाणी तिथंच गाळतेत, तिथंच फिरवतेत. आम्ही काय पर्समध्ये भरून आणलं का?"

"काकू, मुद्दा पाण्याचा न्हाई, भावनेचा हाय," भुजंगनं लिहिलं.

"भावनेनं घागर भरती का बघ जरा."

दानम्माकडे साधा फोन होता. विठाबाईनं आपला तिच्या तोंडापुढं धरला. "बोला दानवैनी, तुम्हीबी बोला. तुमच्याइतकी तर कुणीच भांडत न्हाई त्या बागेसाठी."

दानम्मा फोनकडे बघून सावकाश बोलली, "भुजंगा, सालभर बाया पाणी वाहतेत. एक दिवस पाण्यानं बायांना वाहिलं, तर कुणाचं काय गेलं बाबा?"

हे ऐकून बायकांनी टाळ्यांचे हात पाठवले. भुजंगला ते झोंबलं. त्यानं लिहिलं, "म्हणजे स्वतः पाण्यात लोळायचं आणि वर आम्हालाच शहाणपण शिकवायचं!"

विठाबाईला मैत्रिणीवरचा हा आरोप सहन झाला नाही. तिनं फोन ओठांशी नेला आणि एका दमात बोलून टाकलं, "कुणाला लोळती म्हणतोस रे? दानवैनीनं तिथं पायबी भिजवला न्हाई आजवर! गंगाक्काचं लिंग मुठीत धरून दिवसभर उन्हात काठावर बसती ती माउली. आधी माहीत करून घ्यावं, मग बोलावं!"

विठाबाई मराठ्याची; लिंगाचे नियम तिला काय ठाऊक. आपण काय बोलून बसलो ते तिला कळलंच नाही. शेजारी उभ्या दानम्माला कळलं. पण तोवर ते गेलं होतं.

ग्रुपवर एकामागून एक मेसेज यायला लागले. मग पाणी बाजूला राहिलं. लिंग काढलं? दुसरीच्या हातात दिलं? करमणुकीसाठी?

माणिकप्पानं ते दुकानात गिऱ्हाइकांसमोर ऐकलं. भर दुपारी दुकान उघडं टाकून तो घरात आला. गंगम्मा चुलीपुढं मिरच्या निवडत होती. दानम्मा दाराशी.

"अक्का, खरं हाय का हे?"

गंगम्मानं वर बघितलं नाही. एक मिरची देठापासून तोडली. मग दुसरी.

"अक्का, तुला विचारून राहिलो मी."

"तिनंच काढायला लावलं," गंगम्मा म्हणाली. "काढा म्हणली, मी धरते म्हणली. मी न्हाईच म्हणत होते."

माणिकप्पा बायकोकडे वळला. दानम्मानं नणंदेकडे पाहिलं. गंगम्मा देठ काढलेल्याच मिरच्या पुन्हा निवडत होती. दानम्मानं पदर सारखा केला आणि म्हणाली, "चुकलं माझं."

स्वामी आले. पूजा झाली. गंगम्माच्या डबीला नवा दोरा घातला आणि आता हे दुसऱ्या हाताला लागायचं नाही, असं बजावलं. दानम्मानं पूजेच्या ताटालाही शिवायचं नाही, हे माणिकप्पानं आपल्या मनानं वाढवलं. बायकांनी गाडी रद्द केली. भुजंगनं ग्रुपवर त्यांचं अभिनंदन केलं.

तो मे महिना तसाच गेला. गंगम्मा दानम्माशी बोलेना. भाकरीला नावं ठेवणंही तिनं बंद केलं, मुकाट खायची. दानम्माला ते टोमण्यांपेक्षा जड गेलं.

मृग कोरडा गेला. गंगम्माचे दोन्ही पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं आहे, गोळ्या घ्या, मीठ सोडा. एका दुपारी माणिकप्पा माल आणायला मोंढ्यात गेला होता. गंगम्मा खाटेवरून म्हणाली, "दाने, पाय लई जड झालाय गं." किती तरी दिवसांनी तिनं नावानं हाक मारली होती.

दानम्मा उठली. टँकरचं पाणी परवाच भरलं होतं आणि पुढचा कधी येईल ते माहीत नव्हतं. तिनं कपड्यांचा मोठा टब खाटेपाशी ओढला आणि घागरीमागून घागर ओतली. रांजणाचा तळ दिसायला लागला.

"दार लाव आधी," गंगम्मा म्हणाली. "कुणी बघंल."

दानम्मानं दार लावलं आणि दोन्ही हातांनी तो वाळका पाय उचलून पाण्यात सोडला. गंगम्मानं डोळे मिटले. पाय आत जरासा हलला. मग डोळे न उघडताच तिनं हात वर नेला, गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला आणि डबी पुढं केली.

"धर."

टबात पाय घालायला लिंग काढायची गरज नव्हती. हे दानम्मालाही कळत होतं. तिचा हात पदराकडे गेला, आणि तिथंच थांबला.

"नको अक्का," ती म्हणाली. "पुन्हा माझंच नाव यायचं."

गंगम्मानं डोळे उघडले. दोरा परत गळ्यात घालायला तिला फार वेळ लागला, हात वर जात नव्हते. दानम्मानं मदत केली नाही. हात लावायचा नव्हता ना.

त्याच आठवड्यात गंगम्मा गेली. रीतीप्रमाणे बसवलेल्या देहाला अंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. भुजंगला निरोप गेला तसा त्यानं समितीचा टँकर दारात आणून उभा केला. टँकरच्या पोटावर "जिल्हा झालाच पाहिजे" लिहिलं होतं. बायकांनी पाणी ओतलं, पायावरचं दानम्मानं. मग माणिकप्पानं डबीतून लिंग काढून बहिणीच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. दानम्मा उंबऱ्यात काठी धरून उभी होती. उचलताना कुणीतरी म्हणालं, ती काठी ठेव आता बाजूला.

भादव्यात पाऊस आला, तो असा की पुलावरून पाणी गेलं. जिल्हा काही झाला नाही. पुढच्या मे महिन्यात बायकांनी पुन्हा गाडी केली. विठाबाई रडून गेली, पाया पडून गेली, "चला की दानवैनी." दानम्मा म्हणाली, "तुम्ही जाऊन या. लाटांजवळचा बाक सावलीत हाय का बघून या." तो बाक उन्हात आहे हे विठाबाईला माहीत होतं.

सकाळी गाडी गल्लीतून निघाली. बायका आतून हात हलवत होत्या. दुकानाच्या पायरीवर बसलेला माणिकप्पा म्हणाला, "निघाल्या बघ, पाण्यात लोळायला. काय ठेवलंय तिथं?"

दानम्मा ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुम्ही गेलतात का कधी?"

"मी कशाला जातो?"

"मग न जाता बोलू नका. तुमची अक्का तिथं चालायची. काठीबिगर."

माणिकप्पानं मान वळवली. गाडी कोपऱ्यावर वळून गेली तरी तो बायकोकडेच बघत राहिला. आतून गिऱ्हाईक हाक मारत होतं.

"कुठवर?" शेवटी त्यानं विचारलं.

"पार पलीकडच्या भिंतीपतुर," दानम्मा म्हणाली. "आणि परत."