तिकोनी वावराचा रकबा
भिजलेल्या अंबाडीच्या दोराचा वास आला की घनसावंगीच्या शाळेमागचं तिकोनी वावर आठवतं. तेव्हा सरकारी शिक्षण उर्दूतून चाले, पण आमच्या मास्तरांनी उर्दू भूमितीचं पुस्तक वर्षभर मिटून ठेवलं आणि आमच्या हाती गाठी मारलेला दोर दिला. चिखलात उभं राहून आम्ही ते वावर मोजलं, त्याचा रकबा, म्हणजे क्षेत्रफळ, काढला, बांधावरचं एक भांडणही मिटवलं. वर्षअखेरीस परीक्षा घ्यायला शाळा तपासणारे मोहतमीमसाहेब आले. मागे दोन चपराशी, आणि अत्तर असं की माश्याही अदबीनं लांब बसल्या. पास झालो तरच जालन्याच्या हायस्कुलात जायचं होतं. वडिलांनी सकाळीच बजावलं होतं, "न्हाईतर मंग उद्यापासून औतावर ये." साहेबांनी मला उभं केलं. "मुसल्लस का रकबा कैसे निकालोगे?" रकबा कळला, तो तर सारा गाव बोलतो. मुसल्लस मात्र मिटलेल्या पुस्तकातच राहिला होता. साहेबांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मास्तरांना बोलायची बंदी होती, म्हणून ते खुंटीवरच्या दोराला पुन्हा पुन्हा हात लावत होते. मला वाटलं, आज दोरानं मार बसणार. मी रडू लागलो. "सिफर," म्हणत साहेबांनी माझ्या नावापुढं शून्य मांडलं. घरी जाताना त्याच वावराच्या बांधावर मास्तरांनी धावत येऊन मला गाठलं. "अरे, मुसल्लस म्हंजे आपलं तिकोन रे!" त्यांचा आवाज फाटला होता. पुढं मी पुष्कळ वाचलं, तेही रोज संध्याकाळी औत सोडल्यावर. त्या वावराचा रकबा अजून तोंडपाठ आहे. तो पुन्हा कुणी विचारला नाही.