चौथं काज

आमच्या घराखाली शिंप्याचं दुकान आहे. तिथे एक बाई चौतीस वर्षं हाताने काजं करतेय. सगळे तिला काजवालीच म्हणतात. एका काजाला एक प्रार्थना, हा तिचा शिरस्ता. मागणंही एकच: आईच्या दफनाच्या दिवशी भांडून गेलेला धाकटा भाऊ परत यावा. त्याला अकरा वर्षं झाली. भांडण आपणच उकरून काढलं, हे ती लपवत नाही.

दारात पाऊल वाजलं की तिची मान वर. दुसरंच कुणी निघालं की पुन्हा खाली, पुन्हा पुटपुट.

तिचा नवरा निवृत्त कारकून. एकदा माझ्यादेखत म्हणाला, "अगं, अकरा वर्षं अर्ज करतेयस. साहेबांनी फाईल बंद केलीय."

"बंद केली तर तसं कळवतील की हो!"

चर्चच्या फादरनीही सुचवलं, आता नुसती मनःशांती माग. मीही म्हणाले, जिवाला किती त्रास करून घेशील? माझ्या डायरीत बारा मार्चच्या नोंदीत ते आहे, आणि खाली माझ्याच हातचं, 'बोलायला नको होतं.'

चार एप्रिलला दारात एक माणूस पाठमोरा उभा राहिला. खांदे अगदी भावासारखे उतरते. हिची प्रार्थना अर्ध्यावर तुटली. तो पत्ता विचारून निघून गेला. हिने प्रार्थना पहिल्यापासून धरली, आणि हाताने सवयीने नवं काज कापलं. नवरदेवाचा कोट, बटणं तीन, काजं चार!

दुकानाचे मालक, शिंपी मास्तर कडाडले, "आता हे भोक तुझा देव बुजवणार का? उद्या लग्न आहे त्याचं! यापुढे दुकानात पुटपुट बंद."

रफू त्यांनीच केलं. ती गप्प झाली.

पण गप्प बसवेना. पाय हलत राहायचा, दोरा तुटायचा, सुई बोटात शिरायची. काजांच्या कडा विस्कटू लागल्या.

"हे काज आहे की उंदराने कुरतडलंय?" मास्तरांनी विचारलं. ती नुसती दाराकडे बघत राहिली.

नवव्या दिवशी मास्तरांनी दुकानातला रेडिओ बंद केला. "सुरू कर बाई तुझं ते. पण कोटाला तीनच."

"आणि मास्तर, चौथी प्रार्थना आली तर?"

"हवेत कर. कापडात नको."

काल मी उसवलेली बाही घेऊन खाली गेले. कोटाची तिन्ही काजं झाली होती. सुई उशीत टोचलेली, हात मांडीवर, एका बोटाला चिंधी. ओठ मात्र चालूच. माझं पाऊल वाजलं तशी ती अर्धवट उठली.

"काकू, तुम्ही होय," म्हणाली, आणि बसली. ओठ पुन्हा हलू लागले. मी बाही तिथेच ठेवून वर आले.