पोट कापून घेतलेली बाई

"तुम्हाला मॉर्बिड ओबेसिटी आहे," असं पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी आधी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. ते पांढरेफटक पडले होते. डॉक्टरांनी मराठीत समजावलं, की याचा अर्थ जिवाला धोका होईल इतका लठ्ठपणा. तेव्हा कुठं यांचा जीव भांड्यात पडला. "म्हंजी काय आजार न्हाई ना?" असं यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "हाच आजार आहे."

खोटं कशाला सांगू, मला ऐकून बरं वाटलं. तोवर मी खादाड होते, आळशी होते, 'खात्यापित्या घरची' होते. आजारी आहे असं मला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं.

ही गोष्ट २००६ सालची. आमचा यवतला, सोलापूर रोडला ढाबा. भटारखाना मीच सांभाळायचे. हाताखाली एक उत्तर प्रदेशचा आचारी होता, पण मसाला माझा आणि रश्शाची शेवटची चव माझी. लग्न होऊन आले तेव्हा मी काडीसारखी होते म्हणे. दोन बाळंतपणं झाली, थायरॉइड निघाला, आणि दिवसभर चुलीपुढं उभं राहून उरलंसुरलं तोंडात टाकायची सवय लागली. पुढं शुगर आली, गुडघे गेले, आणि रात्री झोपेत श्वास थांबायला लागला. त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, म्हणजे झोपेत घसा मिटतो आणि माणूस गुदमरून दचकून जागं होतं. गावातल्या दवाखान्याचा वजनकाटा मला पुरायचा नाही, म्हणून एकदा कांद्याच्या गोण्या मोजायच्या काट्यावर उभी राहिले होते. गडी हसले, हेही हसले. मीही हसले, कारण न हसून करते काय.

डॉक्टरांनी सुचवलेलं ऑपरेशन म्हणजे गॅस्ट्रिक बायपास. यात जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून त्याची छोटी पिशवी करतात आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. त्यामुळं थोडं खाल्लं तरी पोट भरतं, आणि खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. डॉक्टरांनी एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली. "ऑपरेशन हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं तुम्ही आयुष्यभर करायचं." बाहेर वाट बघत बसलेल्या बायकांना ते हेच सांगत असणार. मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं.

ऑपरेशनला घरातून निघतानाच यांनी बजावलं होतं. "लोकांला सांगायचं, पित्ताच्या पिशवीत खडे झाल्यात म्हणून. लोक म्हणत्याल, ढाब्यावर खाऊन खाऊन फुगली आन् आता पोट कापून घ्यायला निघाली." मला हे पटलं नव्हतं, पण लाज मलाही वाटत होतीच. मग सगळ्या गावाला माझे खडे माहीत झाले. किती मोठे होते, हेही लोक एकमेकांना सांगायला लागले.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, नीट झालं. त्याबद्दल डॉक्टरांना नावं ठेवायला जागा नाही.

खरं ऑपरेशन घरी आल्यावर सुरू झालं. आधी नुसते पाण्याचे घोट. मग मुगाचं कढण, ताक, पातळ पेज. मग सगळं कुस्करून. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ पोरीनं ओट्स आणि टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, सांगितलं होतं. यवतच्या बाजारात टोफू मागितला असता तर दुकानदारानं मला वेड्यातच काढलं असतं. मी आपलं मऊ पिठलं, अंड्याचा पांढरा भाग, मटकीचं कढण यांवर निभावलं. लक्षात ठेवण्यासारखं एवढंच, की आधी प्रोटीन, म्हणजे डाळ, अंडी, दूध. भात-भाकरी शेवटी, जागा उरली तर. जेवताना पाणी प्यायचं नाही. घास लापशीसारखा होईपर्यंत चावायचा. लोह, कॅल्शियम, बी-ट्वेल्व्ह यांच्या गोळ्या जन्मभर, कारण नुसत्या अन्नातून ते पुरेसं मिळत नाही.

भाकरीनं मला पहिला धडा दिला. घाईत एक कोरडा तुकडा गिळला आणि तो छातीत असा बसला, की मी ओट्याला धरून उभी राहिले. खाली जाईना, वर येईना. तोंडाला नुसती लाळ सुटली. ज्या भाकरीवर मी वाढले, ती माझ्याशी वैऱ्यासारखी वागली. त्या दिवशी मी ढसाढसा रडले, आणि पोटात दुखतंय म्हणून रडते असं सगळ्यांना वाटलं.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. पोट भरतं, मन भरत नाही. दिवसभर मी रस्सा ढवळायची, फोडणीचा वास घ्यायची, चव बघून चमचा खाली ठेवायची. मन पंगतीला बसायचं आणि पोट उठून जायचं. जेवण हीच माझी एक करमणूक होती हे मला ती गेल्यावर कळलं. त्या दिवसांत मी घरात प्रत्येकावर खेकसले. आताही कुणी 'ऑपरेशन केलं की सुटलात' म्हणालं, की माझं डोकं फिरतं.

व्यायाम म्हणजे चालणं. डॉक्टरांना वाटलं हे सगळ्यात सोपं. पुण्यात असेलही. यवतमध्ये बाई रिकाम्या हातानं चालली, की तिला अडवून विचारतात, "कुठं निघाला?" कालव्याच्या कडेनं सकाळी निघाले, तर भेटेल तो मोटरसायकल थांबवायचा. "मामी, बसा, सोडतो." नको म्हटलं तर त्याला राग यायचा. घरात भांडण झालंय का, असं एकानं यांना ढाब्यावर येऊन विचारलं. शेवटी मी दुधाची रिकामी किटली हातात घेऊन चालायला लागले. किटली दिसली की कुणी काही विचारत नसे.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पोरवयात मेंढरांमागं फिरलेले. ओसरीवर बसून मला येताजाता बघायचे. एकदा म्हणाले, "आमी पोटासाठी चालायचो, पोरी. तू पोट घालवाय चालतीस. चांगलं हाय बाबा." त्यांच्याशी वाद घालून कोण जिंकलंय?

पण गुडघे हलके झाले, हेही सांगायला हवं. शुगरची गोळी आधी कमी झाली, मग बंद झाली. रात्रभर सलग झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर डोकं जड नव्हतं. मी अंगणात मांडी घालून बसले. कितीतरी वर्षांनी बसले होते. तेवढ्यानं मला इतका आनंद झाला, की बराच वेळ मी उठलेच नाही.

पुढं केस गळायला लागले. ऑपरेशननंतर काही महिने असं होतं, नंतर केस परत येतात, हे मला माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं. गाल बसले, दंडाची कातडी लोंबायला लागली, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. पित्ताच्या खड्यांनी कुणी एवढं वाळत नाही, हे लोकांना कळत होतं. हायवेवरचा ढाबा, रोजची ट्रकवाल्यांची वर्दळ, आणि बाई दिवसेंदिवस झिजत चाललेली. लोकांनी हिशेब केला. माझ्यासमोर त्या रोगाचं नाव कुणी घेत नव्हतं, नुसतं 'त्यो रोग' म्हणायचे. जाडी होते तेव्हा निदान तोंडावर हसायचे. आगीतून निघून मी फुफाट्यात पडले होते.

माझी धाकटी जाऊ सुरेखा खुटबावला राहते. तिच्याकडं गेले तर तिनं मला चहा स्टीलच्या वेगळ्याच पेल्यात दिला, आणि तो पेला नंतर धुण्याच्या दगडापाशी उपडा ठेवला. मला कळलं. आणि खरंच तो आजार असता तरी काय? एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं तो होत नाही, हे दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मी वाचलं होतं. पण भिंतीवरचं वाचायला खुटबावहून कोण जाणार?

मग एके दिवशी भटारखान्यात गेले तर आचारी दारातच आडवा उभा. मान खाली घालून म्हणाला, "भाभी, सेठ ने बोला है, आप अंदर मत आना. गिऱ्हाईक लोग बात करते हैं." सेठ म्हणजे माझा नवरा. सेठ गल्ल्यावर बसून रस्त्याकडं बघत होते. एका शब्दानं सगळं मिटलं असतं. माझ्या बायकोनं वजनाचं ऑपरेशन केलंय, एवढं चारचौघांत म्हणायचं होतं. ते त्यांना जमत नव्हतं. बायकोला असला रोग झालाय असं लोक म्हणाले तरी चालत होतं, पण बायकोनं खाण्यापायी पोट कापलं हे चालत नव्हतं. त्या दिवशी माझं मन या माणसावरून उतरलं. माझा भटारखाना मला परत हवा होता, दुसरं काही नको होतं.

सुरेखाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. सकाळी गाडीत बसताना हे म्हणाले, "आज चार घास जास्त खा. लोकांना दिसू दे. तोंडं बंद हुतील." मीही तयार झाले. वाटलं, खाऊन दाखवलं तर उद्या परत चुलीपुढं उभी राहीन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरापुढच्या मांडवात पंगतीत बसले. सगळ्या बायकांचे डोळे माझ्या पत्रावळीवर. वाढपी आला, सुरेखा मागून म्हणाली, "ताईंना वाढा की, लाजत्यात त्या." एक जिलेबी खाल्ली, मग आग्रहाची दुसरी. पुरी खाल्ली, मसालेभात खाल्ला, वर पाणी प्यायले. जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं एका पंगतीत केलं.

पंगत उठायच्या आतच छाती धडधडायला लागली. घामानं पदर भिजला, पोटात पिळा पडला, डोळ्यांपुढं अंधारी आली. याला डम्पिंग सिंड्रोम म्हणतात. बायपास केलेल्या पोटात गोड गेलं की ते न थांबता सरळ आतड्यात धावतं आणि शरीर घाबरतं. मला नाव माहीत होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही. मी तिथंच, पत्रावळीवर ओकले.

सुरेखानं माझ्या शेजारी बसलेल्या तिच्या लेकीला दंडाला धरून ओढलं. "लांब व्हा गं समद्या," कुणीतरी ओरडलं. पाणी द्यायला कुणी पुढं आलं नाही. मी भिंतीला टेकून बसले होते, आणि इतक्या महिन्यांचं सगळं ओठांवर आलं.

"मला एड्स न्हाई," मी म्हणाले. "मला कुठला रोग न्हाई. वजन कमी करायला मी पोट कापून घेतलंय. हे काही सांगायचे न्हाईत, म्हणून मी सांगती."

मग सुरेखाची आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बया! खायाला मिळंना म्हणून माणसं मरत्यात, आन् ही खाऊ नये म्हणून पोट कापून आली!" आणि हसायला सुरुवात झाली. मांडवात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हसणं गेलं. रोग होता तोवर घाबरत होत्या, खरं कळल्यावर हसल्या. एकीनंही विचारलं नाही, की बाई, दुखतंय का.

परतीच्या वाटेवर हे म्हणाले, "इज्जत घालवलीस." मी म्हणाले, "तुमची इज्जत वाचवायला मी जिलेबी खाल्ली. आता पुरे." दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ भटारखान्यात शिरले. आचारी बाजूला झाला. हे गल्ल्यावरून उठून दारापर्यंत आले, बघितलं आणि परत गेले. चुकलं, असं ते आजवर म्हणालेले नाहीत. मीही आता वाट बघत नाही.

बरेच दिवस गिऱ्हाइकं मला बघून गालात हसायची. हसू देत. रश्शाला नावं ठेवायला कुणाची जीभ वळली नाही.

आणि मग एका दुपारी सुरेखा मागच्या दारानं आली. तिची शुगर वाढली होती, गुडघ्यांनी जिने चढवेनात. इकडंतिकडं बघून म्हणाली, "ताई, कुणाला बोलू नगा, पर ते आप्रेशन कुठं केलं तुमी?"

तिच्या तोंडावर दार लावावं असं मनात आलं. पण तिचे पाय बघितले, सुजलेले होते. मी तिला दवाखान्याचा पत्ता दिला. ऑपरेशन करायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, म्हटलं. आणि म्हटलं, "उद्या सकाळी ये. आधी माझ्यासंगं कालव्यावर चाल."

"बाया बघत्यात की," ती म्हणाली.

ती आली नाही. तिच्यानंतर आणखी काहीजणी आल्या, सगळ्या मागच्या दारानं. एकीनं तर फोन केला आणि नावही सांगितलं नाही. मांडवात ज्या हसल्या, त्यांतल्याही दोघी होत्या. प्रत्येकीला मी सगळं सांगितलं, आणि प्रत्येकीला सकाळी यायला सांगितलं. अजून कुणी आलेलं नाही.

सांगून सांगून कंटाळले, म्हणून हे एकदाच लिहून ठेवलंय. बायांनो, दार लावून वाचलं तरी चालेल. पण चालायला बाहेरच यावं लागतं, आणि लोक बघतातच.