जिजी आणि माझा जळफळाट

सकाळी पावणेसातला मी आरूला पहिल्यांदा जिजीच्या खोलीत ठेवलं. माझा जळफळाट तिथून सुरू! आता जिजी नाही. पण नवागामच्या आमच्या गल्लीत बाया पाण्याला उभ्या राहिल्या की कुणीतरी तिचा किस्सा काढतंच, आणि एकीचा संपायच्या आत दुसरीला नवा आठवतो. सगळ्यात जास्त साचलेत माझ्याकडे. जळणाऱ्याच्या जास्त लक्षात राहतं ना!

जिजी अमळनेरकडची. कामाला जाणाऱ्या बायांची पोरं ती दिवसभर सांभाळायची. मी साड्यांना लेस लावायला जायचे. आरू तेव्हा दहा महिन्यांची. वाटलं, रडून गल्ली डोक्यावर घेईल. ती सरळ जिजीच्या मांडीवर गेली, मागे वळून बघितलंसुद्धा नाही. रडले मी!

जिजी म्हणाली, "पोर राही जाई वं माय. पण तुले कोन संभाळी?"

*

जिजीच्या खोलीखाली लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना. दिवसभर खटॅक-खटॅक. त्या आवाजात पोरं गाढ झोपायची. लाईट जाऊन मशीन थांबली की सगळी एकदम जागी! मग जिजी पत्र्याचा डबा घेऊन लाटण्याने तसाच ठेका धरायची.

एकदा आम्ही गावी गेलो. तिथे भरदुपारी चिडीचूप. आरूचे डोळे टक्क उघडे. मी अंगाई म्हटली, सासूबाईंनी दृष्ट काढली, नवऱ्याने रिकामा मिक्सर फिरवला. काही नाही! शेवटी जिजीला फोन लावला. तिने तिकडून डबा वाजवला, इकडे स्पीकरवर आमच्या बाईसाहेब घोरायला लागल्या!

सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या गळ्यापेक्षा तो डबा बरा."

*

मला धास्ती एकच. पोरगी मला आई समजते, की नुसती संध्याकाळी घ्यायला येणारी बाई? पडली, लागलं, की हाक "जिजी!" मी शेजारीच उभी असले तरी "जिजी!"

एका रविवारी आरू भिंत सोडून चालली. माझ्यासमोर! तिला उचलून मी धावतच जिजीकडे. "जिजी, आरू चालली! पहिल्यांदा! आणि माझ्याकडे!"

जिजीने कपाळाला हात लावला. "हाव का वं! माले दखालेच नही भेटनं!"

तिला बघायला मिळालं नाही म्हणून मी अशी फुगले! तेवढ्यात तिथे खेळायला आलेली चार वर्षांची पायल गल्लीतल्या गुजरातीत म्हणाली, "पण जिजी, आरू तो घणा दिवसथी चाले छे!"

बऱ्याच दिवसांपासून! मग कळलं. कुणाचंही पोर चालायला लागलं की जिजी तोंड शिवून बसायची. आमच्या गल्लीतलं प्रत्येक पोर पहिल्यांदा आपल्या आईसमोरच चाललंय!

*

जिजी गेली त्या दिवशी तिच्या खोलीत रडण्याची चढाओढ लागली. शेजारची वंदना म्हणाली, "माझ्या कार्तिकला ती स्वतःच्या ताटातलं भरवायची."

मी कशी मागे राहीन? "आरूला तर पदराखाली घेऊन झोपवायची!"

तिसरीने आणखी वरचं काढलं. जिजीची लेक लता उधन्याहून आलेली, ती दारातच अडकून उभी. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. शेवटी म्हणाली, "ए बायांनो, जरा सरका ना. माझीबी आई होती ती."

*

जिजी गेल्यावर पोरगी ठेवायची कुठे? मी काम सोडलं. आरू दिवसभर माझ्याजवळ. आता तरी माझी होईल म्हटलं. पण उंबऱ्याला ठेच लागली की पुन्हा "जिजी!"

गेल्या आठवड्यात वंदनाने कार्तिकला माझ्याकडे सोडलं. "ताई, आजचा दिवस बघ गं." दोन वर्षांचं पोर, रडून लालेलाल. मांडीवर घेतलं, खिचडी भरवली. तो गप्प झाला आणि त्याने माझ्या गळ्यात हात टाकले.

आरू कोपऱ्यात वाट्या मांडत होती. वाट्या टाकून आली. कार्तिकचा शर्ट धरून त्याला ओढलं, खाली पाडलं आणि स्वतः मांडीवर चढून बसली.

"ऊठ! मारी मम्मी छे!"

माझी मम्मी म्हणाली! कार्तिकने भोकाड पसरलं. मी त्याला उचलून पुन्हा मांडीवर घेतलं.

तर बायांनो, तुमच्या ओळखीत कुणाला पोर ठेवायचं असेल तर सांगा. डेअरीच्या मागची गल्ली, आरूच्या आईचं घर विचारायचं. आणि एकच नको, दोन-तीन पाठवा!