दिब्रुगडचे चिकू

डहाणूहून विमानतळाला निघालेल्या पहाटेच्या गाडीत त्या माझ्या शेजारी होत्या. नाव मी विचारलं नाही. पण गाव चिखले, घरची चिकूची वाडी आणि आसामात, दिब्रुगडला दिलेली लेक, एवढं त्यांनी हायवे लागायच्या आत सांगून टाकलं. मांडीवरच्या पिशवीतला एकेक चिकू काढून त्या पदराने पुसत, अंगठ्याने दाबत. जरासा दबला की तो ड्रायव्हरला किंवा मला.

"कडक तेवढेच न्यायचे. लांब आहे ना."

मला राहवलं नाही. मोबाइलवर अंतर काढून दाखवलं. "काकी, देशाच्या त्या टोकाला असलं तरी विमान आहे. कोलकात्याला बदलूनसुद्धा आज दिवेलागणीच्या आत लेकीकडे असाल. हे तर नुसते दगड आहेत. तुम्ही ट्रेनचा हिशेब धरलात."

"ट्रेनचा कशाला धरू? विमानाची वेळ पाठ आहे मला." त्यांनी आणखी एक चिकू दाबून पाहिला आणि समाधानाने पिशवीत टाकला. "जावई म्हणाले, दोन दिवस राहून जा. नात झालीय, अजून बघितलीपण नाही मी. आता सांगा भाऊ, वाडीचे चिकू कच्चे टाकून कोण निघतं? पिकवून, सगळ्यांना खायला घालूनच येणार मी. थंडी असली की पिकायला वेळच लागतो त्यांना."

विमानतळावर त्या मागे न बघता आत गेल्या.

पुढचे चार-पाच दिवस मात्र मला सारखं वाटत होतं, आसामात कडाक्याची थंडी पडू दे.