माजा खांदा आन मावशीचं गानं

मला अक्षर येत न्हाई. आजबी अंगठाच. तरी पाळकसाहेबांनी येशूच्या देवळात गीतं सांगायचं काम मलाच दिलं, कारन अख्ख्या मंडळीत मोठा घसा माजाच. तवर त्यो घसा बैल हाकायला आन बायकोवर वरडायला कामाला यायचा. त्यातला बैल तेवढा ऐकायचा.

रीत अशी व्हती. वाचता कुनालाच येत न्हवतं, म्हनून शनिवारी पाळकसाहेब मला गीत वाचून दावायचे आन मी ते पाठ करायचो. ऐतवारी म्होरं हुबं ऱ्हाऊन दिमडीवर एक ओळ म्हनायचो, तीच ओळ समदी मंडळी माज्या मागं म्हनायची. देऊळ म्हंजे तरी काय, मातीच्या भिताडाची एक खोली, खाली गोनपाट, एका अंगाला गडी, एका अंगाला बाया.

खोड येवढीच, की येशूच्या दारात यायच्या आधी मी तमाशात सोंगाड्या व्हतो. गानं तोंडातनं भायेर पडलं की माजा डावा खांदा आपसूक उडायचा. मंग भिवया. मंग कंबर. मला काय पत्ता न्हाई. मला वाटायचं, लोकं इतकी खूश कावून? परभूच्या नावानं आसतील. निजामाच्या चौकीवरला जवान एकदा दारातनं बगून गेला आन गावात विचारायला लागला, हा तमाशा किती दिस हाय म्हनून.

नेकनूरकडनं एक म्हातारी मावशी यायची, दोन कोस चालत. तिचा एकुलता ल्योक पिलेगात गेलता. मेंढपाळ हरवलेलं कोकरू हुडकतो, ते गीत त्यो घरात गुनगुनायचा. त्यो गेल्यापून मावशी देवळात यायची, पर तोंड उघडायची न्हाई. एका ऐतवारी पाळकसाहेबाला म्हनली, "आज त्येचं गीत घ्या. मी म्हनून बगते."

मी म्हनलं, मावशीसाठी जीव वतायचा. जोरात सुरू केलं. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज आला, बारीक, फाटका. आन तवाच माज्या खांद्यानं अशी उडी घेतली की म्होरच्या बाया फिदीफिदी हसल्या, त्यांचं बगून गडी हसले. मावशीला वाटलं, आपल्या आवाजाला हसत्यात. तिनं पदर तोंडाला लावला. गीत सरेस्तवर गपच.

भायेर मी तिच्या पाया पडलो. "मावशी, ते मला हसले. तुला न्हाई."

"आसंल बाबा," ती म्हनली. "तू लई गोड गातूस. पर डोळे मिटले तर तुजी दिमडी, उघडले तर तुजा खांदा. माज्या ल्योकाला मी कुठं बसवू?"

मी दिमडी काखेत मारली आन घरची वाट धरली. 

घरी बायको भाकर थापत व्हती, तिला समदं सांगितलं. म्हनली, "खांदा बांधूनच टाकू की तुमचा." पुढल्या ऐतवारी तिनं माज्याच पटक्यानं डावा हात छातीला आवळून बांधला. मंडळीला वाटलं, मी गाडीवरनं पडलो. अर्धी मंडळी विचारपूस करायली, अर्धी माजा उजवा खांदा बगायली, कारन आता त्यो उडायला लागला. मावशी कोपऱ्यात गपच.

मंग मी मागं दारापाशी जाऊन हुबा ऱ्हायलो, तर समदी माना मोडून मागं बगायली. पाळकसाहेब म्होरं एकलेच. सांजंला ते मला म्हनले, "तमाशात लोक कुनाकडं बघत नसत रे?"

"झीलकऱ्याकडं," मी म्हनलो. "त्यो मागं हुबा ऱ्हाऊन नुसता सूर धरतो. मी त्येला रोज चिडवायचो, तुला तुजी बायको तरी वळखती का बे?"

"मग तू झीलकरी हो."

सोंगाड्याला झीलकरी व्हायला सांगनं म्हंजे कोंबड्याला अंड्यावर बसवनं. पर बसलो. बायको खांद्यावर पान्यानं भरलेला लोटा ठिवायची आन म्हनायची, आता गा. आठ दिस वला व्हतो.

ऐतवारी दिमडी घरीच ठिवली. गड्यांच्या मधी गोनपाटावर मांडी घालून, डोळे मिटून बसलो. तेच गीत. ओळ साधी सांगायची, आन मंडळीनं उचलली की आपला आवाज त्यांच्या खाली न्यायचा. तिसऱ्या ओळीला मावशीचा आवाज आला. मी आजून खाली गेलो. चौथी ओळ मी सांगायच्या आधीच तिनं धरली. ल्योकाच्या तोंडून किती डाव ऐकली आसंल. मंडळी तिच्या मागं गेली, मीबी गेलो. शेवटपतूर तिनंच नेलं. कुनी हसलं न्हाई. कुनी माज्याकडं बगितलंबी न्हाई, आन खोटं कशाला बोलू, त्येचं मला जरा वाईटच वाटलं. येवढा घसा.

भायेर मावशी डोळे पुसत पाळकसाहेबाला म्हनायली, "आज पोटभर म्हनलं बाबा. त्यो खांदेवाला आज आला न्हवता व्हय?"

मी तिच्या मागंच हुबा. तोंड उघडलं, तवर बायकोनं माजा हात दाबला, म्हंजे गप ऱ्हावा. जिंदगीत पहिल्यांदा मी बैलावानी ऐकलं.